तुमचं काम मी एकदाच पाहिलं

अहो, तुम्हाला लिहिलेलं वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायचा धीर होतो आहे. चौथी झालेल्या बाईचं लिहिणं ते काय असणार. पण दुपारी घरात कोणी नसतं. आपला सुधाकर कामावर, सून रंजना तिच्या बँकेत, पिंकी शाळेत. बाहेर बर्फ पडून त्याचा काळा चिखल झाला आहे. तुमची खुर्ची कोणी हलवली नाही. मी तिच्यासमोर बसते, कारण चाळीस-बेचाळीस वर्षं तुमच्यासमोर बसून मी गप्पच राहिले आणि ती सवय मोडत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा दवाखान्यातल्या बाईनं सुधाकरला विचारलं, तुम्ही काय काम करत होतात. तो म्हणाला, "रिटायर्ड." एवढंच. मला इंग्रजी येत नाही, पण हा शब्द आता कळतो. मला वाटलं, तुम्ही उठून बसाल आणि विचाराल, "कशातनं रं?"

लोकांना इथं तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नाही. मला तरी किती होतं? तमासगिराची बायको गावात राहते. दसऱ्याला तुमचा फड निघायचा आणि उन्हाळ्यातल्या जत्रा उरकून पाऊस तोंडावर आला की तुम्ही परत यायचात. घसा बसलेला, टाचा फुटलेल्या. घरी आलात की पहिले कित्येक दिवस तुम्ही बोलतच नव्हता. शेजारणी मला म्हणायच्या, "तुझा नवरा एवढा हसवणारा, तुझी तर मजा आहे." मी मान हलवायची. एकदा मी धीर करून म्हटलं होतं, मलाही सांगा की त्यातलं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "सुतार घरी येऊन रंधा मारतो व्हय?" मला राग आला होता. तुमचं ते पहिलं बोलणं होतं ज्यावर मला हसूही आलं होतं, आणि ते मी तुम्हाला दाखवलं नाही.

आपल्यात बायका तमाशाला जात नव्हत्या. तमासगिरांच्या बायका तर मुळीच नाही. सासूबाई म्हणायच्या, बाईनं नवऱ्याला तोंड रंगवलेलं बघू नये, त्याचं आयुष्य कमी होतं. मी मानलं. एकदाच शेजारच्या गावच्या जत्रेत तुमचा फड उतरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा तमाशा असतो, दिवसाउजेडी. आम्ही बायका ओढ्याकडे धुणं घेऊन गेलो होतो. तिथून कनात दिसत नव्हती, बोलणं ऐकू येत नव्हतं, पण वारं आमच्याकडे होतं. मध्येच हसू उठायचं. शेकडो माणसांचं एकदम. मग सगळं शांत व्हायचं, आणि त्या शांततेत तुम्ही काहीतरी बोलत असणार, आणि पुन्हा हसू. मी हातातलं लुगडं तसंच पाण्यात धरून उभी होते. तुमचा विनोद मी आयुष्यभर असाच ऐकला. त्यावरचं हसू तेवढं ऐकलं.

बाकीचं तुम्ही तुकड्यातुकड्यानं सांगितलंत. पोरवयात मागं तुणतुणं घेऊन उभे राहिलात आणि इतरांसोबत "जी जी" म्हणत राहिलात. मग ढोलकी हातात आली. ढोलकीवर तुमचा जीव होता, सोंगाड्या व्हायचं तुमच्या मनातही नव्हतं. म्हातारा सोंगाड्या एकदा तापानं पडला आणि मालकानं तुम्हाला पुढं ढकललं. तुम्ही घाबरून उलट्या तोंडानं, लोकांकडे पाठ करून उभे राहिलात, आणि लोक हसले. "पाठीवरच हसले," तुम्ही म्हणाला होता. "मग म्हटलं, तोंड दाखवायची घाई नको." त्यानंतर किती पावसाळे, किती फड. एक मालक सोडून दुसरा. सिनेमाचे तंबू आले तशी माणसं कमी झाली. शेवटी शेवटी माईक आला. त्या माईकवर तुम्ही चिडायचात. म्हणायचात, ह्यानं माझे पाय बांधले, आता लोकांकडं पाठ करता येत न्हाई. मग गुडघे गेले, फड मोडला, आणि सुधाकरनं आपल्याला इकडे बोलावलं.

ढोलकी तुम्ही विमानात मांडीवर घेऊन बसला होतात. पहिल्याच हिवाळ्यात इथल्या गरम हवेनं तिचं चामडं उललं. तुम्ही ती हातात फिरवून पाहिलीत आणि कपाटात ठेवलीत. मग ठेका धरायला तुम्हाला काहीही चालायचं. कॉफीचा डबा, सुधाकरच्या गाडीचा पुढचा भाग, जेवणाचं टेबल. रंजना म्हणायची, "आबा, माझं डोकं उठतंय." तुम्ही थांबायचात आणि मांडीवर वाजवायचात.

सुधाकरनं इथं सांगून ठेवलं होतं की वडील संगीत शिकवायचे. तुम्हाला ते पहिल्या महिन्यातच कळलं.

"आबा, कोणी विचारलं तर म्युझिक टीचर म्हणा. तमाशा म्हणायची गरज नाही."

"कुणाला शिकवलं म्हणू? बैलांना?"

"जोक नको, आबा. इथले मराठी लोक गाव विचारतात, आडनाव विचारतात, आणि मनात हिशोब करतात. तुम्हाला माहीत नाही. मला ऑफिसात, मंडळात, सगळीकडे ह्यांच्यातच राहायचंय."

मी तेव्हा भाकरी थापत होते. मला दोघांचंही खरं वाटत होतं. सुधाकर भित्रा नाही. आपण दीक्षा घेतली तेव्हा तो एवढासा होता, पण सगळ्यात जास्त त्यानंच ती मनावर घेतली. त्या दिवशी तो तुम्हाला म्हणाला, "ज्यांच्या दारात आपण वाकून उभे राहिलो त्यांनाच हसवायचं, आणि त्याला कला म्हणायचं. मग दीक्षा कशाला घेतली?"

तुम्ही म्हणालात, "मी वाकलो न्हाई. वाकायचं सोंग केलं. दोन्हीत फरक हाय, इंजिनेर."

"तो फरक तुम्हाला कळायचा. त्यांना कळायचा का?"

"कळायचा म्हणून तर हसायचे."

"किंवा तुम्ही वाकलात म्हणून हसायचे."

हा वाद तुम्ही तिथंच ठेवून गेलात. मी आता एकटी तो दोन्हीकडून लढते. कधी तुम्ही जिंकता, कधी तो.

मग मंडळाचे सेक्रेटरी पाटील घरी आले. भला माणूस, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा. तुम्ही आयसेलिन गावातल्या आपल्या लोकांच्या दुकानात भाजी घेताना डब्यावर वाजवत होतात, ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "काका, दिवाळीच्या प्रोग्रॅममध्ये आपली लोककला दाखवा ना. नुसती भावगीतं ऐकून लोक बोअर झालेत." सुधाकरच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही कसं म्हणणार? आणि तुमचा चेहरा मी पाहिला. ह्या घरात आल्यापासून तुमची पाठ एवढी ताठ मी पाहिली नव्हती.

"ढोलकी वाजवीन," तुम्ही म्हणालात. "आणि एक बतावणी करीन. सरदार आणि सोंगाड्याची."

"व्हेरी गुड. फक्त काका, फॅमिली प्रोग्रॅम आहे. लेडीज, मुलं असतात. स्क्रिप्ट दिलीत तर कमिटी एकदा अप्रूव्ह करेल."

"ती काय असती?"

"म्हणजे काय काय बोलणार ते लिहून."

"ते मला तवाच कळतं," तुम्ही म्हणालात.

पाटील खो खो हसले. त्यांना तो विनोद वाटला. तुमच्या बोलण्यावर ह्या देशात हसलेलं बाहेरचं माणूस ते एकच.

तुम्ही सांगायचात आणि मी लिहायची. इतक्या वर्षांत तुम्ही प्रथमच मला त्यातलं काही सांगत होतात, पण ते सांगणं कसलं. "इथं तो विचारील, कुठनं आलास. मग मी काहीतरी बोलीन." काहीतरी म्हणजे काय, मी विचारायची. तुम्ही डोळे मिटायचात, ओठ हलायचे, आणि म्हणायचात, "समोर कोण बसलंय त्याच्यावर हाय." मी म्हणायची, लिहायला काहीतरी हवं. मग तुम्ही एखादं वाक्य द्यायचात, गिऱ्हाइकाला नको असलेला माल द्यावा तसं. सगळं लिहून झाल्यावर मी वाचून दाखवलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "हे कुणाचं बोलणं?"

"तुमचंच."

"माझं न्हाई. माझं मढं दिसतंय."

मग सुधाकरनं ते पाहिलं आणि तांबड्या पेनानं काही ठिकाणी काट मारली. त्यानंतर कमिटीनं आणखी मारली. उरलेलं मी तुम्हाला वाचून दाखवत राहिले आणि तुम्ही पाठ करत राहिलात, पोरं पाढे म्हणतात तसं. मी म्हटलं होतं, अहो, फाडून टाका हे. तिथं गेल्यावर तुमच्या मनानं बोला. कोण तुमच्या तोंडावर हात ठेवणार आहे? तुम्ही म्हणालात, "वाच पुढं."

तो दिवस मला लिहायचा नव्हता, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शाळेचा मोठा हॉल होता. बायका पैठण्या नेसून आल्या होत्या, मागे फराळाच्या बश्या लावल्या होत्या. मी पहिल्यांदा तुमच्यासमोर, खुर्चीवर, उजेडात बसले होते. सासूबाईंचं बोलणं आठवत होतं आणि तरी मी मान खाली घातली नाही. आधी तुम्ही ढोलकी वाजवलीत, भजनवाल्यांकडून मागून आणलेली. बोटं सुजलेली होती, तरी हॉल ताठ बसला. टाळ्या पडल्या. मला वाटलं, हे बघायला मी इतकी वर्षं का थांबले.

मग बतावणी. सरदार म्हणून कमिटीतले एक गृहस्थ होते. ते कागद बघून बोलत होते आणि तुमचं वाक्य संपायच्या आत पुढचं विचारत होते. तुम्ही माईकसमोर उभे होता. पाठ केलेलं म्हणत होता. एक वाक्य झालं, दुसरं झालं. कोणी हसलं नाही. लोक वाईट नव्हते. ते हसायला तयार होऊन बसले होते, तोंडावर हसू धरून. कुठं हसायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मध्येच पुढच्या रांगेत एका जाड्या गृहस्थांची खुर्ची करकरली आणि ते उठून परत बसले. तुमची मान त्यांच्याकडे वळली. मी ते पाहिलं. अख्ख्या हॉलमध्ये मीच पाहिलं असेल. तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला. ओढ्यावर उभी राहून मी ज्याची वाट बघायची ती शांतता तशीच आली, आणि मला वाटलं, आता. पण तुम्ही कडेला सुधाकरकडे पाहिलंत. तो पडद्याजवळ कागद हातात धरून उभा होता. तुमची मान परत समोर आली आणि तुम्ही पुढचं वाक्य म्हणालात.

गाडीत पिंकीनं विचारलं, "आजोबा, व्हाय डिड नोबडी लाफ?" रंजनानं तिला गप्प केलं. तुम्हाला समजलं नाही असं तिला वाटलं. तुम्ही म्हणालात, "दमली असतील माणसं."

घरी आल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं. मालकांचं तुम्ही ऐकलं नाहीत, पोलीसपाटलाचं ऐकलं नाहीत, चप्पल फेकणाऱ्यांना उलट चप्पल परत नेऊन दिलीत असं तुम्हीच सांगायचात. मग आजच का ऐकलंत? तुम्ही मोजे काढत होता. म्हणालात, "त्याला इथं राहायचंय."

"आणि तुम्हाला?"

मोज्याची घडी केलीत. त्यानंतर घरात ठेका ऐकू आला नाही. रंजनाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. तुम्ही खिडकीशी बसायचात, हात मांडीवर पालथे. मी मुद्दाम कॉफीचा डबा तुमच्याजवळ ठेवायची. मला अजून राग आहे तुमचा. माणूस मेल्यावर राग धरू नये म्हणतात, पण मेलेल्या माणसाकडून उत्तर येत नाही, मग राग जाणार कुठं?

इथं माणसाला जाळायलाही बटण असतं. सुधाकरनं ते दाबलं. गावाकडे तुम्हाला फडातल्या लोकांनी वाजवत नेलं असतं. इथं यंत्राचा घूं घूं आवाज तेवढा आला.

परवा रविवारी घरी तुमचं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली. सुधाकर उभा राहून म्हणाला, "माझे वडील संगीताची सेवा करायचे." पाटील आले होते, आणखी चार-पाच घरं होती. जेवणाची ताटं हातात घेऊन माणसं कार्पेटवर, सोफ्यावर बसली होती. सुधाकरच्या ओळखीचे एक डॉक्टर दिवाळीला आले नव्हते, ते आले होते. ते तुमच्या फोटोसमोर फूल ठेवायला वाकले आणि तसेच राहिले.

"अहो, हे तर किसन वाघोशीकर," ते म्हणाले.

ह्या देशात तुमचं नाव मी पहिल्यांदा असं ऐकलं. मी तर ते कधी घेतलंच नाही. सगळे सुधाकरकडे बघायला लागले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "वहिनी, मी कराडला होस्टेलात होतो. ह्यांची हजेरी असली की आम्ही कॉलेज सोडून पळायचो. ह्या माणसानं मला एक वर्ष नापास केलंय."

परक्या पुरुषाशी मी कधी आपणहून बोलले नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण तोंडातून निघून गेलं. "काय करायचे ते?"

"आता ह्या वेळी कसं सांगू, वहिनी?"

"सांगा."

ते ताट ठेवून सांगू लागले. सोंगाड्याला पाटलाच्या घरी निरोप घेऊन पाठवतात. बजावतात, तिथं जे दिसेल त्याला आधी वाक. तो जोत्याला वाकतो, बैलाला वाकतो. अंगणात पाटलाचं धोतर दोरीवर वाळत घातलेलं असतं, त्यालाही वाकतो आणि म्हणतो, पाटील, लई बारीक झालाय. डॉक्टरांनी सांगितलं आणि स्वतःच हसले. बाकीचे शिष्टाचारानं हसले. मला हसू आलं नाही. त्या कागदावर हे होतं, मीच लिहिलं होतं, आणि सुधाकरची पहिली काट त्यावरच होती. सेक्रेटरींचं आडनाव पाटील, म्हणून.

"नाही जमलं मला," डॉक्टर म्हणाले. "ते असं नव्हतं. काय बरं होतं?"

"डॉक्टर, आबा लगेच बोलत नाहीत," सुधाकर म्हणाला.

त्यानं ताट टेबलावर ठेवलं. पायात मोजे होते. तो कार्पेटच्या मधोमध आला आणि समोर दोरी आहे असं त्यानं पाहिलं, तर मलाही दोरी दिसली. तो वाकला. ती पाठ तुमची होती. वाकून तो तसाच थांबला, धोतर नमस्कार परत कधी करतंय त्याची वाट बघत. धोतर काही बोलेना. त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून वर पाहिलं. मग त्याला वाटलं आपण पाटलाच्या पाठीमागून वाकलो, म्हणून तो वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि आमच्याकडे पाठ करून पुन्हा वाकला. वारं आलं असावं. तो दचकून मागे सरला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "उठू नका पाटील, बसा, बसा." मग हळूच जवळ जाऊन धोतराचा काठ दोन बोटांत धरून पाहिला, आणि इतक्या काळजीनं, इतक्या मायेनं म्हणाला, "पाटील, लई बारीक झालाय. वहिनी जेवाय घालीत न्हाईत व्हय?"

सगळ्यात आधी पाटील हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळं घर. आणि मी. नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला पदराचा बोळा तोंडात कोंबून हसणारी बाई कोणी पाहिली असेल? रंजना घाबरून पाणी घेऊन आली. मला वाटलं, एवढंच होतं होय. एवढं सोपं, आणि हे मला कोणी बघू दिलं नाही.

हसू ओसरल्यावर मी सुधाकरला विचारलं, "तू कधी पाहिलंस?"

तो जमिनीकडे बघत होता. "हजेरीला. शाळा बुडवून. कनातीच्या खालून."

"किती वेळा?"

"येईल तिथं. चालत जायचो."

"त्यांना ठाऊक होतं?"

"नाही. म्हणजे, माहीत नाही."

मग तो आत गेला आणि स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. मी तिथंच बसले. हसल्यानं बरगड्या दुखत होत्या आणि डोळ्यांसमोर तो दिवाळीचा हॉल आला. पडद्याजवळ कागद घेऊन उभा असलेला तो. मी समजत होते, त्याला कळत नाही तो काय खोडतो आहे. त्याला सगळं पाठ होतं. तुमची पाठ, तुमचं थांबणं, सगळं. त्या गृहस्थांची खुर्ची करकरली तेव्हा त्यालाही ठाऊक असणार पुढे काय यायला हवं होतं, आणि तोही वाट बघत असेल, आणि भीतही असेल. ह्याचं मी काय करू? त्याला बोलू? कुठल्या तोंडानं, आत्ताच तर त्यानं तुम्हाला मला दाखवलं.

नळ बंद झाला तेव्हा मी उठून आत गेले. तो ओट्याला टेकून उभा होता. तोंड ओलं होतं.

मी म्हटलं, "पुढचं दाखव."

"पुढचं मला येत नाही, आई," तो म्हणाला. "पुढचं ते दर वेळी वेगळं करायचे."